कांदिदो दि ऑलिव्हेरा

कांदिदो प्लासिदो दि ऑलिव्हेरा (२४ सप्टेंबर, १८९६:फ्रोन्तेइरा, पोर्तुगाल - २३ जून, १९५८:स्टॉकहोम, स्वीडन) हे पोर्तुगीज फुटबॉलपटू, प्रशिक्षक आणि क्रीडापत्रकार होते. मधल्या फळीत खेळणारे ऑलिव्हेरा हे पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे पहिले कर्णधार होत. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर आंतरराष्ट्रीय सामना एकच आहे. त्यांचे खरे कार्य त्यानंतरचे आहे. त्यांनी राष्ट्रीय संघाला ऑलिंपिकपर्यंत नेले, आ बोला या क्रीडा वृत्तपत्राची सहकाऱ्यांसह स्थापना केली आणि सालाझारच्या हुकूमशाहीत ताराफालच्या छळछावणीत बंदिवास भोगला.

बालपण

ऑलिव्हेरा यांचा जन्म पोर्तुगालच्या आलेन्तेजो प्रांतातील फ्रोन्तेइरा या छोट्या गावी झाला. लहानपणीच पोरके झाल्यामुळे त्यांचे पालनपोषण आणि शिक्षण लिस्बनमधील कासा पिया या संस्थेत झाले. लिस्बन शहर १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. त्यानंतरच्या काळात, १७८० साली, निराधार मुलांसाठी ही संस्था स्थापन झाली आणि पुढे बेलें भागातील जेरोनिमोस मठाच्या वास्तूत तिचे कार्य चालू लागले. पोर्तुगालमध्ये फुटबॉल आला तो इंग्रजांमुळे आणि इंग्लंडात शिकून आलेल्या श्रीमंतांच्या मुलांमुळे. हा खेळ सामान्यांच्या पायाशी आणण्यात कासा पियाच्या मुलांचा वाटा फार मोठा आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे बेनफिका या नावाने जगभर गाजलेल्या क्लबच्या संस्थापकांत या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी होते. त्या क्लबचे आधारस्तंभ कोस्मे दामियांव हेही त्यांपैकीच. त्यामुळे ऑलिव्हेरा यांचे बेनफिकाकडे वळणे स्वाभाविक होते.

खेळाडू

पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑलिव्हेरा बेनफिकाकडून खेळू लागले. त्या वेळच्या रचनेत दोन बचावपटू, त्यांच्या पुढे तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच खेळाडू असत. ऑलिव्हेरा या तिघांच्या मधल्या फळीत खेळत. प्रतिस्पर्ध्याची चाल तोडणे आणि चेंडू आघाडीकडे पोहोचवणे ही दोन्ही कामे या फळीकडे असल्याने तेथील खेळाडूला सगळे मैदान डोळ्यांसमोर ठेवावे लागे. पुढे प्रशिक्षक आणि समीक्षक म्हणून त्यांच्या अंगी जी नजर दिसून आली, तिचे मूळ या जागेत शोधता येते.

१९२० मध्ये त्यांनी बेनफिका सोडले आणि शाळेच्या इतर माजी विद्यार्थ्यांसह कासा पिया अ‍ॅटलेटिको क्लबची स्थापना केली. या नवख्या क्लबने पहिल्याच हंगामात लिस्बनचे अजिंक्यपद पटकावले. देशव्यापी लीग तेव्हा अस्तित्वात नव्हती. शहराचे अजिंक्यपद हाच मोठा मान समजला जाई.

१८ डिसेंबर, १९२१ रोजी पोर्तुगालचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा मैदानात उतरला. माद्रिदमध्ये झालेल्या या सामन्यात स्पेनने ३-१ असा विजय मिळवला. पोर्तुगालचा एकमेव गोल आल्बेर्तो आउगुस्तो यांनी पेनल्टीवर केला. या संघाचे कर्णधार ऑलिव्हेरा होते. आघाडीच्या फळीत अंतोनियो रिबेइरो दोस रेइस हे त्यांचे मित्र खेळत होते; त्यांचा उल्लेख पुढे येईल. पोर्तुगालमधील फुटबॉल त्या काळी हौशी होता. ऑलिव्हेरा यांचा चरितार्थ टपाल व तार खात्यातील नोकरीवर चाले. ही नोकरीच पुढे त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण देणारी ठरली.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक

१९२६ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे ऑलिव्हेरा यांच्याकडे आली. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगाल प्रथमच एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. चिलीविरुद्धच्या सामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही पोर्तुगालने ४-२ असा विजय खेचून आणला. नंतर युगोस्लाव्हियाला २-१ असे हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तेथे इजिप्तकडून २-१ असा पराभूत झाला. यानंतर पोर्तुगाल १९६६ पर्यंत विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत पोहोचू शकला नाही. हे लक्षात घेतल्यास अ‍ॅम्स्टरडॅममधील कामगिरीचे मोल कळते.

१९३५ मध्ये ते दुसऱ्यांदा राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये बदलल्यानंतर इंग्लंडमध्ये डब्ल्यू-एम ही रचना पुढे आली होती. आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी ती नावारूपास आणली. या रचनेत मधला हाफबॅक मागे सरकून तिसरा बचावपटू होतो. पोर्तुगालमध्ये या पद्धतीचा अभ्यास आणि पुरस्कार करणाऱ्यांत ऑलिव्हेरा अग्रणी होते. फुटबॉलच्या डावपेचांवर त्यांनी पुस्तकेही लिहिली. खेळात अंगच्या कसबाइतकीच विचाराची गरज असते हे त्यांनी आपल्या देशात प्रथम नेटाने मांडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

३० जानेवारी, १९३८ रोजी लिस्बनमध्ये पोर्तुगालचा सामना जनरल फ्रँकोच्या बाजूच्या स्पेनच्या संघाशी झाला. सामन्यापूर्वी हात उंचावून फॅसिस्ट पद्धतीची सलामी देण्याचा प्रघात होता. बेलेनेन्सेस क्लबच्या तीन खेळाडूंनी ती दिली नाही. आर्तुर क्वारेज्मा यांनी हात खालीच ठेवला, तर जोझे सिमोएस आणि मारियानो आमारो यांनी मुठी वळल्या. तिघांनाही राजकीय पोलिसांनी ताब्यात घेतले. ऑलिव्हेरा यांच्या संघातील हे खेळाडू होते. चार वर्षांनी त्याच पोलिसांचा हात खुद्द प्रशिक्षकांपर्यंत पोहोचला.

अटक आणि ताराफाल

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, तरी जर्मनी आक्रमण करील अशी भीती होती. तसे झाल्यास देशात संदेशवहन आणि प्रतिकार चालू राहावा म्हणून स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या ब्रिटिश गुप्त संघटनेने पोर्तुगालमध्ये हस्तकांचे जाळे उभारले. सालाझारच्या विरोधात असलेले ऑलिव्हेरा या जाळ्यात सामील झाले. टपाल व तार खात्यातील माणूस अशा कामी किती मोलाचा असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९४२ च्या आरंभी पोलिसांना या जाळ्याचा सुगावा लागला आणि ऑलिव्हेरा यांना अटक झाली. कोठडीत त्यांना मारहाण करण्यात आली. त्यानंतर त्यांना केप व्हर्दे द्वीपसमूहातील सांतियागो बेटावर ताराफाल येथे पाठवण्यात आले.

ही छावणी १९३६ मध्ये उघडण्यात आली होती. दूषित पाणी, डासांचा सुळसुळाट, हिवताप आणि औषधांचा अभाव यांमुळे कैदी येथे हळूहळू खंगत जात. शिक्षेसाठी सिमेंटची एक बंदिस्त कोठडी होती. उन्हात ती इतकी तापे की कैदी तिला तळणीचा तवा म्हणत. १९५४ पर्यंत ३२ राजबंद्यांनी येथे प्राण सोडले. पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचे नेते बेंतो गोन्साल्व्हेस हे १९४२ मध्येच येथे वारले. ऑलिव्हेरा वाचले. १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पुढे पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबणारी राजवट हीच होय.

ताराफालच्या अनुभवांवर ऑलिव्हेरा यांनी पुस्तक लिहून ठेवले. सेन्सॉरशिपच्या काळात ते छापले जाणे शक्य नव्हते. २५ एप्रिल, १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली आणि त्याच वर्षी, लेखकाच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, ते प्रकाशित झाले.

आ बोला आणि पाच व्हायोलिन

सुटकेनंतर ऑलिव्हेरा यांचे उर्वरित आयुष्य फुटबॉल आणि लेखणी यांतच गेले. २९ जानेवारी, १९४५ रोजी रिबेइरो दोस रेइस आणि व्हिसेंते दि मेलो यांच्या साथीने त्यांनी आ बोला सुरू केले. या नावाचा अर्थ चेंडू असा होतो. १९२१ च्या पहिल्या राष्ट्रीय संघातील दोन सोबती अशा रीतीने २३ वर्षांनी पुन्हा एकत्र आले. हे वृत्तपत्र पुढे पोर्तुगालमधील सर्वांत प्रभावी क्रीडा वृत्तपत्रांपैकी एक झाले.

याच काळात बेनफिकाचे हे माजी खेळाडू बेनफिकाचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या स्पोर्टिंग क्लबचे प्रशिक्षक झाले. जेझूस कोर्रेया, व्हास्केस, पेरोतेव, त्राव्हासोस आणि आल्बानो हे स्पोर्टिंगचे आघाडीचे पाच खेळाडू पाच व्हायोलिन या नावाने ओळखले जात. १९४७-४८ ची लीग कमालीची चुरशीची झाली. हंगामाच्या अखेरीस स्पोर्टिंग आणि बेनफिका यांचे गुण समान होते. परस्परांतील दोन सामन्यांपैकी पहिला बेनफिकाने ३-१ असा जिंकला होता. २५ एप्रिल, १९४८ च्या दुसऱ्या सामन्यात पेरोतेव यांनी एकट्याने चार गोल केले आणि स्पोर्टिंगने ४-१ असा विजय मिळवला. एका गोलाच्या या फरकावर अजिंक्यपद ठरले. पुढच्या हंगामातही लीग स्पोर्टिंगनेच जिंकली.

१९५० मध्ये ऑलिव्हेरा ब्राझीलमधील फ्लामेंगो क्लबचे प्रशिक्षक होते. १९५२ मध्ये काही काळ राष्ट्रीय संघ पुन्हा त्यांच्याकडे आला. नंतर त्यांनी पोर्तो आणि कोइंब्रा विद्यापीठाच्या परंपरेतील अकादेमिका या संघांना मार्गदर्शन केले.

मृत्यू आणि स्मृती

१९५८ च्या विश्वचषकाचे वार्तांकन करण्यासाठी ऑलिव्हेरा आ बोलाच्या वतीने स्वीडनला गेले. तेथे फुप्फुसाच्या आजाराने २३ जून रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी स्पर्धेचे उपांत्य सामने होते. त्यांतील ब्राझील आणि फ्रान्स यांच्यातील लढतीत १७ वर्षांच्या पेलेने तीन गोल केले.

पोर्तुगालमध्ये लीगविजेता आणि राष्ट्रीय चषकविजेता यांच्यात दर वर्षी हंगामाच्या आरंभी होणाऱ्या सुपरचषकाला कांदिदो दि ऑलिव्हेरा यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी स्थापन केलेला कासा पिया क्लब १९३८-३९ नंतर प्रथम श्रेणीबाहेर पडला होता. २०२२-२३ च्या हंगामात तो पुन्हा तेथे खेळू लागला.