सत्यवान यमाच्या दारी गेला असता का? ताराबाई शिंदे यांची गोष्ट

सावित्रीने यमाचा पिच्छा पुरवून नवऱ्याचे प्राण परत आणले, ही कथा वटपौर्णिमेला घरोघर सांगितली जाते. १८८२ साली बुलढाण्यातल्या एका बाईंनी ती उलटी करून पाहिली. बायको मेली म्हणून तिच्यासाठी यमाच्या दरबारापर्यंत गेलेला एखादा नवरा कुणी ऐकला आहे का, असा प्रश्न त्यांनी छापील पुस्तकातून विचारला. (महाभारतात रुरू नावाचा एक तरुण सापाने दंश केलेल्या प्रमद्वरेला आपले अर्धे आयुष्य देतो. पण त्याच्या नावाने कुणी वडाला दोरा गुंडाळत नाही.)

त्या बाईंचे नाव ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचे नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. आज रंगभूमीवर जुन्या नाटकांतल्या, पुराणांतल्या गप्प बसवलेल्या स्त्रियांना बोलते करणारे प्रयोग होतात. द्रौपदी स्वतःची बाजू मांडते, मंदोदरी प्रश्न विचारते. ताराबाईंनी नाटक लिहिले नाही. तरी गोष्टीतल्या बाईला गोष्टीबाहेर काढून, लेखकाने टाळलेला प्रश्न तिच्या वतीने विचारायचा, ही रीत मराठीत इतक्या ठसठशीतपणे त्यांच्याआधी कुणी वापरलेली दिसत नाही.

ताराबाईंचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते. घराणे मराठा, घरची शेतीवाडी होती. बापूजी सत्यशोधक समाजाचे सभासद होते आणि जोतीराव फुल्यांशी या घराचा स्नेह होता. चार भावांत ताराबाई एकुलती एक मुलगी. मुलीला शाळेत घालण्याची सोय गावात नव्हती, तेव्हा वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्नही घरातच राहून झाले, म्हणजे नवरा घरजावई आला. मूल झाले नाही. मराठा घराण्यातल्या पडद्याच्या रिवाजात आपले आयुष्य अडकले आहे, अशा अर्थाचे त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. ज्या बाईला सभेत उभे राहून बोलता येत नव्हते, तिने सभेत बोलणाऱ्या सगळ्यांना उत्तर लिहिले.

बुलढाणा तेव्हा वऱ्हाडात होते आणि वऱ्हाड १८५३ च्या तहापासून इंग्रजांच्या कारभारात होते. नैर्ऋत्येला गेले की भोकरदन, पुढे राजूरचा गणपती, मग जालना. हा मुलूख निजामाचा होता. राजूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हाच मुळी १९८१ साली झाला. मधे दोन राज्यांची हद्द असली तरी दोन्हीकडे भाषा एक होती आणि कीर्तन-पुराणांत ऐकल्या जाणाऱ्या बायकाही त्याच होत्या: सीता, अहिल्या, द्रौपदी, सावित्री. त्यांच्या कथा सांगणारे पुरुष असत. नाटकात त्यांची सोंगेही पुरुषच घेत.

नाटकाचा तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्याला चाळीस वर्षे होत आली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. 'सौभद्र' आले १८८२ साली, म्हणजे ताराबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. त्यातली सुभद्रा गाऊन गेले भाऊराव कोल्हटकर. शकुंतला आणि सुभद्रा पुरुषाने लिहिल्या, पुरुषाने गायल्या आणि लोकांना त्या अतोनात आवडल्या. यात कुणाला काही खटकण्याचे कारणच नव्हते.

ताराबाईंना लिहायला लावले ते मात्र नाटकाने नव्हे, एका खटल्याने.

सुरतेजवळच्या ओलपाड गावात विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला मूल झाले आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने ते मारले, असा आरोप तिच्यावर होता. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात तिची जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि पुढे ती आणखी कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्राने या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्याच चालचलणुकीवर झोड उठवली. या सगळ्या चर्चेत एक माणूस कुठेच नव्हता, त्या मुलाचा बाप. बाई कोर्टात उभी राहिली आणि पुरुष गोष्टीतून नाहीसा झाला. पुराणांत आणि कादंबऱ्यांतही नेमके असेच घडते, हे ताराबाईंना दिसले आणि तिथून पुस्तक सुरू होते.

पुस्तकाची मांडणी मोठी मिश्कील आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकात स्त्रीची निंदा करणारा एक श्लोक आहे. संशय, उद्धटपणा, साहस, कपट असे एकेक दोष त्यात बाईच्या माथी मारले आहेत. ताराबाई त्या यादीला शिडी करतात. दोष उचलायचा, तो खरोखर कुणात जास्त आहे हे रोजच्या व्यवहारातले दाखले देऊन तपासायचे आणि पुरुषाच्या पदरात टाकून पुढच्या दोषाकडे वळायचे. भाषा घरातल्या बाईची, ठसकेबाज, मधूनच शिव्यांच्या काठावर जाणारी. संस्कृत श्लोकाला असे अंगणातल्या मराठीत उत्तर मिळते.

मग पुराणांची पाळी येते. पतिव्रतेचे धडे ज्या ग्रंथांतून दिले जातात, त्याच ग्रंथांतले देव आणि ऋषी कसे वागले, हे ताराबाई विचारतात. अहिल्येला फसवणारा इंद्र देवच राहिला आणि शिळा मात्र ती झाली. सत्यवती आणि कुंती यांना लग्नाआधी मुले झाली तरी त्या मोठ्या घराण्यांच्या राजमाता ठरल्या. मग आजच्या विधवेनेच असे काय केले? देवाधर्माचे नाव घेऊन बायकांना बांधणाऱ्यांना त्यांच्याच ग्रंथांची साक्ष द्यायची, हा डाव त्या वेळी धाडसाचा होता. बायको गेल्यावर पुरुषाने मिशा काढून रानात का राहू नये, हा त्यांचा प्रश्न याच ओघात येतो. तो वाचताना हसू येते. केशवपन केलेल्या मुली तेव्हा गल्लोगल्ली होत्या हे आठवले की ते हसू टिकत नाही.

त्या काळच्या छापील वाङ्मयालाही त्यांनी सोडले नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या, 'मनोरमा' हे नाटक आणि 'स्त्रीचरित्र' हे पुस्तक त्यांच्या वाचनात होते. त्यांची नावे घेऊन त्या बोलतात. या पुस्तकांतली बाई एक तर दुःख सोसून शेवटी सुखाचे बक्षीस मिळवणारी, नाही तर कपटाने भरलेली. दोन्ही नमुने लेखकाच्या सोयीचे. मराठीत स्त्रीच्या बाजूने केलेली ही अगदी सुरुवातीची साहित्यसमीक्षा आहे. ती करणाऱ्या बाईंना समीक्षा हा शब्द वापरायची गरज वाटली नाही.

सगळेच आजच्या वाचकाला पटेल असे मात्र नाही. पतिव्रता हा आदर्श ताराबाई मोडीत काढत नाहीत. नवरेही तसेच निष्ठावान असावेत, एवढी त्यांची मागणी आहे. इंग्रज राज्याविषयी त्या कृतज्ञ आहेत. वेश्यांबद्दल लिहिताना त्यांचा सूर कडवट होतो. आणि घरंदाजपणाच्या कुंपणाबाहेरच्या त्या बायकांना आपली बाजू सांगायला या पुस्तकात फारशी जागा मिळत नाही. गप्प बसवलेल्यांची बाजू घेणाऱ्या पुस्तकातही कुणीतरी गप्प राहतेच.

पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्वागत झाले ते टिंगलीने, आणि त्यात सत्यशोधक वर्तुळातलेही लोक होते. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली आणि त्याची हेटाळणी करणाऱ्यांना सुनावले. ताराबाईंनी त्यानंतर काही प्रसिद्ध केले नाही. बुलढाण्यात राहून त्या शेती पाहत राहिल्या. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले, तेव्हा पुस्तक विस्मरणात गेले होते.

इथे एक गंमत आहे आणि थोडे दुःखही. ताराबाईंची रीत पुढे रंगभूमीवर आली, पण ती त्यांच्याकडून आली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'बायकांचे बंड' लिहिले. जैमिनी अश्वमेधातले प्रमिलेचे स्त्रीराज्य आणि तिथे घोडा घेऊन पोचलेला अर्जुन ही त्याची कथा. शेवटी लग्न होते आणि बंड विझते. त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाई केळकरांनी १९१३ साली 'पुरुषांचे बंड' लिहिले. म्हणजे गाजलेले नाटक घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने उभे करून दाखवायचे. नावापासूनच तुलना सुरू होते. ताराबाईंनी जे निबंधात केले होते, तेच एका बाईंनी नाटकात केले. पण मधल्या तीस वर्षांत पहिले पुस्तक वाचकांच्या हातून निसटले होते. गिरिजाबाई पुढे १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. ताराबाईंचे नाव तेव्हा चर्चेत नव्हते.

'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा वाचकांसमोर आली ती १९७५ साली. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स. गं. मालशे यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि जगभरच्या विद्यापीठांत ताराबाई वाचल्या जाऊ लागल्या. मराठी रंगभूमीवर सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग गावोगाव केला. त्यात इतिहासातली सावित्रीबाई स्वतः बोलते, नवऱ्याची सावली म्हणून नाही. बंगालीत शाँवली मित्र यांनी 'नाथवती अनाथवत'मध्ये द्रौपदीला एकटीने रंगमंचावर आणले होते, ते १९८३ साल. तिच्या तोंडचे प्रश्न बुलढाण्यात शंभर वर्षांपूर्वी, पडद्याआड बसलेल्या एका बाईने लिहून नऊ आण्यांना विकायला ठेवलेल्या प्रश्नांच्या फार जवळचे आहेत.