चहाचे शास्त्र लिहिणारा गुराखी : लू यू

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा असो, की साताऱ्याकडच्या एखाद्या घरी सोयरिकीची बोलणी असोत, चहा आधी येतो. हे पेय आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की 'चहा' हा शब्दच मुळी चिनी आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. या चहावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूचे चरित्र आपण विद्यार्थ्यांनी तरी जाणून घ्यावे, असे आहे.

लू यूचा जन्म इ. स. ७३३ च्या सुमारास चीनमधील आजच्या हुबेई प्रांतात झाला. त्याचे आईबाप कोण, हे कोणालाच कळले नाही. जिंगलिंग गावच्या तळ्याकाठी टाकलेले हे पोर एका बौद्ध मठाच्या प्रमुखाला सापडले आणि मठातच वाढले. पोराने भिक्षू व्हावे, ही गुरूची इच्छा. पोराला ओढ मात्र कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांची. तो हट्ट सोडीना, तेव्हा त्याला झाडलोट करणे, संडास साफ करणे, भिंतींसाठी चिखल तुडवणे आणि अखेर तीस गुरे राखणे, अशी कामे लावण्यात आली. लिहायला कागद नव्हता. तो बांबूच्या काडीने गुरांच्या पाठीवर अक्षरे गिरवी.

पुढे तो मठातून पळाला व एका नाटकमंडळीत शिरला. रूप बेताचे, जीभ अडखळणारी. तरीही सोंगाड्या म्हणून त्याने नाव काढले. इ. स. ७४६ मध्ये ली छीवू या अधिकाऱ्याने त्याचे गुण हेरले, त्याला पुस्तके दिली आणि गुरूकडे शिकायला धाडले. एका माणसाच्या मदतीने त्याच्या आयुष्याला वळण लागले.

इ. स. ७५५ मध्ये आन लूशानचे बंड झाले आणि लोक दक्षिणेकडे पळू लागले. लू यूही यांगत्से नदी ओलांडून, ७६० च्या सुमारास, हूचौ परिसरात स्थायिक झाला. तेथे जियाओरान हा कवी-भिक्षू त्याचा जिवलग मित्र बनला. डोंगरांत हिंडून, झऱ्यांचे पाणी चाखून त्याने 'छा जिंग' हा ग्रंथ सिद्ध केला. तीन भाग, दहा प्रकरणे आणि सुमारे सात हजार चिनी अक्षरे, एवढाच त्याचा विस्तार. पण चहाचे झाड, पाने खुडण्याची साधने, चोवीस उपकरणे, पाणी, जळण यांतले काहीही त्यातून सुटलेले नाही.

त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करीत. वडी विस्तवावर भाजायची, दळायची, चाळायची. पाणी डोंगरातले उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे शेवटी. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे दिसले की चिमूटभर मीठ टाकायचे. कडेने मोत्यांच्या माळा उठल्या की एक पळीभर पाणी काढून ठेवायचे आणि मध्ये भोवरा करून पूड सोडायची. उकळी उसळली की ते काढलेले पाणी परत ओतून ती शमवायची. कांदा, आले, संत्र्याची साल घालणे त्याला नापसंत होते. आपला आले घातलेला दुधाचा चहा त्याला मुळीच रुचला नसता! मात्र रानात झऱ्याकाठी चहा करताना बरीच उपकरणे वगळायला त्याची मुभा होती. संयमी, साध्या वृत्तीच्या माणसाचे हे पेय, असे तो मानी. राजदरबाराने देऊ केलेली पदे त्याने स्वीकारली नाहीत. इ. स. ८०४ च्या सुमारास तो वारला. पुढे चहाचे व्यापारी त्याची मातीची मूर्ती दुकानात ठेवू लागले.

'जिंग' हा शब्द चिनी लोक पूज्य ग्रंथांना लावतात. लू यूने तो रोजच्या पेयाला लावला, हे त्याचे धाडस मला मोलाचे वाटते. आपल्यापैकी अनेकजण घराण्यातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. पुस्तकातले ते ज्ञान आणि घरचे ते नुसते काम, अशी आपली नकळत समजूत होते. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाचे बुडबुडे पाहून ती केव्हा उतरवायची, हे गुळव्याला बिनचूक कळते. लू यूनेही बुडबुडेच पाहिले. पण त्याला अक्षर येत होते, आणि कामाची लाज वाटत नव्हती. म्हणून ते बाराशे वर्षे टिकले. आपल्या हाती आता अक्षर आले आहे. घरच्या माणसांच्या हातातली विद्या आपण कागदावर उतरवली नाही, तर ती उतरवणार कोण?