विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स : टांकसाळीतील तरुण आणि मिठाची बोटे

चिखलोलीच्या आपल्या शाळेत विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एकदा काचपात्रातील थंड गोड्या पाण्यावर निळीने रंगवलेले कोमट खारे पाणी अलगद ओतले. थोड्याच वेळात निळे, बारीक, बोटांसारखे धागे खाली उतरू लागले. हे दृश्य विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८५७ मध्येच टिपून ठेवले होते, हे कळल्यावर इतिहासाच्या शिक्षकालाही स्वस्थ बसवेना. जेव्हन्स हे बाबासाहेबांच्या अभ्यासविषयातील, म्हणजे अर्थशास्त्रातील मोठे नाव.

१ सप्टेंबर १८३५ रोजी लिव्हरपूल येथे लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. कुटुंब युनिटेरियन पंथाचे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या तेव्हा राजमान्य चर्चच्या अनुयायांनाच मिळत. म्हणून ते सर्व पंथीयांना खुल्या असलेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. (ज्ञानाची दारे धर्म पाहून लावण्याची रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे.) वडिलांचा व्यापार १८४८ मध्ये बुडाला होता. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांच्या शिफारशीने सिडनीच्या नव्या टांकसाळीत सोन्याचा कस तपासण्याची नोकरी मिळताच, पदवी अर्धवट सोडून ते १८५४ मध्ये ऑस्ट्रेलियास गेले. वय अवघे अठरा.

तेथे फावल्या वेळात ते हवामानाच्या नोंदी ठेवीत. आकाशातील पिंजलेल्या कापसासारखे ढग कसे बनतात, हे समजावे म्हणून त्यांनी विद्रव्य मिसळलेले कोमट पाणी थंड शुद्ध पाण्यावर सोडून पाहिले, तेव्हा हे धागे दिसले. कारण असे : पाण्यात उष्णता मिठाच्या सुमारे शंभर पट वेगाने पसरते. खाली सरकलेला खारट थेंब ऊब चटकन गमावतो, मीठ मात्र राखून ठेवतो. म्हणून तो भोवतालच्या पाण्याहून जड होतो आणि आणखी खाली जातो. जेव्हन्स यांची दृष्टी ढगांवर होती; समुद्राकडे ती वळली नाही. याबद्दल त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. पुढे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर गणितज्ञाच्या हातूनही हा धागा निसटला. १८८३ च्या त्यांच्या गणितात हलक्या द्रवावरील जड द्रवाचा विचार होता, उष्णता आणि मीठ यांच्या वेगांतील फरकाचा नव्हता.

१८५९ मध्ये जेव्हन्स मायदेशी परतले, पदव्या पूर्ण केल्या, मँचेस्टर आणि लंडन येथे प्राध्यापक झाले. कोळशाचा प्रश्न, तर्कशास्त्र, मूल्याचा सिद्धांत यांत त्यांचे आयुष्य गेले. १३ ऑगस्ट १८८२ रोजी हेस्टिंग्जजवळ समुद्रस्नान करताना ते बुडाले, वय ४६.

१९५६ मध्ये हेन्री स्टॉमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात उभी नळी सोडल्यास खाऱ्या पाण्याचे कारंजे आपोआप चालू राहील, अशी कल्पना मांडली. १९६० मध्ये मेल्विन स्टर्न यांनी नळीचीही गरज नाही, पाणी स्वतःच अशी बोटे घडवते, हे दाखवले. सिडनीतील त्या प्रयोगाला तेव्हा १०३ वर्षे झाली होती.