अ‍ॅप म्हणतं 42, थर्मामीटर म्हणतो 102! सेल्सिअस होते तरी कोण?

सोलापूरचा मे महिना. मोबाईलवरचं वेदर अ‍ॅप बाहेर 42 अंश दाखवतंय. घरात धाकट्याला ताप आलाय आणि थर्मामीटरवर आकडा आहे 102. मग धाकटा उन्हापेक्षाही जास्त तापलाय का? अर्थातच नाही. आपण हवा सेल्सिअसमध्ये मोजतो आणि ताप बहुतेक वेळा फॅरनहाइटमध्ये सांगतो. गोंधळ तिथेच होतो. यातलं सेल्सिअस हे एका माणसाचं आडनाव आहे.

आकाश मोजणाऱ्यांचं घर

अँडर्स सेल्सिअस यांचा जन्म 27 नोव्हेंबर 1701 रोजी स्वीडनमधल्या उप्साला शहरात झाला. वडील खगोलशास्त्राचे प्राध्यापक. 1730 मध्ये, तिशीच्या आतच, अँडर्सही उप्सालात त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. 1736 मध्ये ते एका फ्रेंच मोहिमेसोबत उत्तरेच्या बर्फाळ लॅपलँडला गेले. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, हे तिथल्या मोजमापांनी दाखवलं.

बर्फाचा पक्का आकडा

तेव्हा थर्मामीटर होते, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी. फॅरनहाइट यांनी 1724 मध्ये मांडलेल्या पट्टीत बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या थंडगार मिश्रणाला शून्य धरलं होतं. त्यामुळे साधं पाणी गोठण्याचा बिंदू 32 वर आला.

सेल्सिअस यांना कुठेही, कुणालाही पुन्हा तपासता येईल अशी खूण हवी होती. वितळत्या बर्फात थर्मामीटर ठेवून त्यांनी वेगवेगळ्या हवामानात पुन्हा पुन्हा पाहिलं. पारा दर वेळी त्याच जागी थांबायचा. उकळत्या पाण्याचं मात्र तसं नव्हतं. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदू सरकायचा. समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचावरच्या सोलापुरातही पाणी 100 च्या साधारण दीड अंश आधीच उकळतं. म्हणून उकळण्याचा बिंदू ठरवताना त्यांनी हवेचा दाबही ठरवून दिला.

1742 मध्ये त्यांनी या दोन खुणांमध्ये 100 समान भाग करून पट्टी मांडली. गंमत म्हणजे ती उलटी होती! उकळतं पाणी 0 आणि बर्फ 100. त्या पट्टीत आपलं 42 चं ऊन 58 झालं असतं.

25 एप्रिल 1744 रोजी क्षयाने सेल्सिअस गेले. वय फक्त 42. त्यानंतर थोड्याच काळात स्वीडनमध्ये पट्टी सुलटी झाली. बरीच वर्षं तिला सेंटिग्रेड म्हणत. सेल्सिअस हे नाव अधिकृत झालं ते 1948 मध्ये.

आता हिशेब करू

पाणी गोठतं 0 सेल्सिअसला, म्हणजेच 32 फॅरनहाइटला. उकळतं 100 ला, म्हणजेच 212 ला. म्हणजे 100 अंशांच्या जागी 180 अंश. म्हणून 1.8 ने गुणायचं आणि 32 मिळवायचे.

- 42 सेल्सिअस: 42 × 1.8 = 75.6, अधिक 32 = 107.6 फॅरनहाइट
- 102 फॅरनहाइट: 102 − 32 = 70, भागिले 1.8 = सुमारे 38.9 सेल्सिअस

म्हणजे ऊनच जास्त तापलेलं आहे. पण एक लक्षात ठेवा. डिजिटल थर्मामीटरवर C आणि F अशी सोय असते. त्यावर 39 दिसलं, तर आकडा छोटा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो 102 च्या वरचा ताप आहे. आधी आकड्यापुढचं अक्षर बघा.