श्रीचक्रधर स्वामी : देह बदलला, मग माणूस कोण?



कार्टूनमध्ये एकाचा आत्मा दुसऱ्याच्या शरीरात शिरतो आणि मुलं विचारतात, आता हा खरा कोण? आपल्या वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर स्वामी यांचं चरित्र इथूनच सुरू होतं.

ही तेराव्या शतकातली गोष्ट. गुजरातेत भडोचला विशाळदेव नावाचे प्रधान होते. त्यांचा तरुण मुलगा हरिपाळदेव वारला, त्याला स्मशानात नेलं. त्याच वेळी द्वारावतीला चांगदेव राऊळांनी आपला देह सोडला आणि या मृत देहात प्रवेश केला, असं पंथाची परंपरा सांगते. मुलगा उठून बसला. घरच्यांसाठी चेहरा तोच होता, आत मात्र दुसरं कोणी होतं. पडलेला देह स्वीकारला म्हणून याला 'पतित' अवतार म्हणतात.

पुढे हरिपाळदेव जुगारात हरले. पैसे फेडायला पत्नीने दागिने दिले नाहीत आणि त्यांचं मन संसारातून उडालं. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते घरातून निघाले. वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले, तेच त्यांचे गुरू. पुढे ते चक्रधर म्हणून ओळखले गेले.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आहेत, अशी त्यांची शिकवण. देह प्रपंचातला, म्हणजे नाशवंत. जीव त्याहून निराळा. वाचायला हे अवघड वाटतं, पण स्वामींनी ते रोजच्या जगण्यात आणलं. पुरुषांना मोठा जीव आणि बायकांना काय छोटा जीव असतो, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांनी स्त्रियांनाही संन्यासाचा अधिकार दिला. भिक्षा सगळ्या वर्णांच्या घरी मागायला सांगितली. मासिक पाळीचा विटाळ त्यांनी मानला नाही. नाकातून शेंबूड येतो तसाच हा शरीराचा एक स्राव, असं त्यांनी सरळ समजावलं.

त्यांची शिष्या महदंबा मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला 'लीळाचरित्रा'त एकत्र केल्या, त्याही साध्या बोलीत. आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे.

परकायाप्रवेश खरा की श्रद्धेचा, हे ज्याने त्याने ठरवावं. पण पाळी आली म्हणून एखादी मुलगी आजही घरात बाजूला बसवली जाते. तो विटाळ देहाला की जीवाला, हे वर्गात आणि घरात नक्की विचारा. मुलं बरोबर उत्तर देतात. मोठ्यांनाच जरा वेळ लागतो.