जॉन रॉस : निकाल आणि निर्वासन

अमेरिकेतील चेरोकी जमातीचे प्रमुख जॉन रॉस (१७९०–१८६६) तरुणपणी अँड्र्यू जॅक्सन यांच्या सेनापतित्वाखाली लढले होते. पुढे अध्यक्ष झालेल्या जॅक्सन यांनीच चेरोकींना देशोधडीला लावण्याचे धोरण रेटले. रॉस यांनी शस्त्राऐवजी कायद्याचा आश्रय घेतला. १८३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींचा दावा अधिकारकक्षेबाहेरचा म्हणून फेटाळला. पण १८३२ मध्ये वुस्टर या मिशनऱ्याच्या खटल्यात, जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी प्रदेशात लागू होत नाहीत, असा निर्वाळा दिला. जॉर्जियाने तो जुमानला नाही. १८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी, अधिकार नसताना, मिसिसिपीच्या पूर्वेकडील सारी भूमी देऊन टाकणारा करार केला. रॉस यांनी हजारो सह्यांचे विनंतिअर्ज वॉशिंग्टनला नेले. तरीही सिनेटने, आवश्यक दोनतृतीयांश बहुमत जेमतेम गाठत, तो संमत केला. १८३८ मध्ये सैन्याने सुमारे १६,००० लोकांना घरांतून हुसकले. त्या निर्वासनात अंदाजे ४,००० दगावले. रॉस यांच्या पत्नीही त्यांत होत्या. न्यायालयाचा निकाल वाऱ्यावर सोडणाऱ्या सत्तेने हा अनधिकृत करार मात्र काटेकोर पाळला. कायदा दुर्बळांचा आधार खरा. पण तो पाळण्याचे बंधन प्रबळांवर नसेल, तर त्याचा कागदच उरतो. रॉस यांनी तो आधार अखेरपर्यंत सोडला नाही. नव्या कराराच्या वाटाघाटींसाठी गेलेले असतानाच वॉशिंग्टनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.