बाटली नंबर ५३-एन: प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर १९ मृत्यूंचा ठपका का आला?

मोबाईलमध्ये कोविनचं सर्टिफिकेट अजून असेल तर उघडून बघा. डोसच्या तारखेजवळ बॅच नंबर दिसेल, खाली लस देणाऱ्याचं नाव. डोस जळगावात घेतलेला असो की धुळ्यात, तो कुठल्या बॅचमधला होता हे त्यावरून शोधता येतं. आपण हा नंबर कधी वाचतही नाही. पण एका माणसाचं अख्खं करिअर अशाच एका नंबरावर अडकलं होतं.

वाल्देमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसामधला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. कोलकात्याच्या एका वस्तीत सुमारे २०० पैकी ११६ जणांना त्यांनी लस दिली. मग कॉलरा आला तेव्हा लस घेतलेले किती आजारी पडले आणि न घेतलेले किती, याची वेगवेगळी नोंद ठेवली. लस चालते याचा पुरावा म्हणजे ही नोंदच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे खानदेशही त्यातून सुटला नाही. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातलं हे गाव. ३० ऑक्टोबर १९०२ ला तिथे १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. बाकीच्यांना काहीच झालं नाही. नोंदी तपासल्या तर सगळे १९ एकाच बाटलीतले निघाले. नंबर ५३-एन.

नंबरामुळे बाटली सापडली. पण जंतू त्यात शिरले कुठे, परळच्या प्रयोगशाळेत की गावात बाटली उघडताना? ते नंबर सांगत नाही. हाफकिन यांनी उत्पादन वाढवायला लस बनवण्याची पद्धत बदलली होती, कार्बोलिक ॲसिड वगळलं होतं. चौकशी आयोगाने बोट प्रयोगशाळेकडे दाखवलं. संचालकपद गेलं, १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

खरी गोष्ट मात्र गावातल्या साक्षीत होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच बुचाला लावला गेला. शिवाय बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासून आत वाढत असते तर उघडताच घाण वास आला असता. तो आला नव्हता. म्हणजे निर्दोष ठरवणारी माहिती होती, तिला वजन दिलं गेलं नाही एवढंच.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागद पुन्हा तपासले. मलेरियावाले रोनाल्ड रॉस यांनी वर्तमानपत्रातून हा विषय लावून धरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली होती. भारतात परत आले तेही कोलकात्याला, परळच्या खुर्चीवर नाही, आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करायला मनाई. १९१४ ला निवृत्त झाले.

परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. तेव्हा ते हयात होते, पण भारतात नव्हते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ते गेले.